शॅडो टीचर निवडताना नेमकं काय बघायचं? (ऑटिझम, नागपूर)

मानेवाडा_आई
नमस्कार मंडळी. मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालं. बोलतो, पण जास्त करून ऐकलेलं परत म्हणतो. सध्या मेट्रोतल्या घोषणा सुरू आहेत. भूक लागली तरी “पुढील स्थानक सीताबर्डी” आणि राग आला तरी तेच, फक्त आवाज वेगळा.

जूनअखेर तो दुसरीत जाईल. शाळेने सांगितलंय की यंदा शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत राहून त्याला मदत करणारी शिक्षिका, तुम्हीच आणा. दोघींना भेटलो. दोघींकडे विशेष शिक्षणातली पदविका आहे आणि फीसही जवळपास सारखी.

पहिल्या ताई मुलाशी जेमतेम बोलल्या. मलाच प्रश्न विचारत बसल्या. झोपतो कधी, कोणता आवाज चालत नाही, जागेवरून उठण्याआधी हाताचं काय करतो, शाळेतल्या संडासात जातो का घरी येईपर्यंत दाबून धरतो. चहा घेतला नाही. मी विचारलं, स्वतःचं बोलायला लागेल ना? म्हणाल्या, “ते मी सांगू शकत नाही.” मला ते जरा लागलं.

दुसरी मुलगी तरुण, एकदम गोड. आल्या आल्या फरशीवर बसली आणि थोड्या वेळात हा तिच्या मांडीवर. नवरा म्हणतो ही, सासूबाई म्हणतात हीच. माझं मन ठरत नाही. “पेशन्स हवा” हे सगळेच सांगतात, त्याच्यापुढचं काही असेल तर सांगा.

धरमपेठी
दुसरी. मुलाला आवडली ना? मग विषय संपला.

तर्रीपोहा
+1. चहा न घेणाऱ्या माणसावर आमच्या घरी विश्वास ठेवत नाहीत.

ओटी_मॅडम
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मला पहिल्या ताईंना भेटायला आवडेल :)

संडासाचा प्रश्न विचारणारी व्यक्ती फार कमी वेळा भेटते. कितीतरी मुलं शाळेतल्या फ्लशच्या आवाजाला किंवा वासाला घाबरून दिवसभर दाबून धरतात आणि शेवटच्या तासाला वहीफेक सुरू होते. मग डायरीत शेरा, “मूल आक्रमक आहे”. ज्या शिक्षिकेला आधी “का” विचारायची सवय आहे तिला पेशन्स वेगळा आणावा लागत नाही. कारण माहीत नसताना नुसता धीर धरणारा माणूस केव्हातरी फुटतोच.

कागदपत्रांबद्दल: पदविकेवर थांबू नका. भारतीय पुनर्वास परिषदेचा म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक मागा आणि नूतनीकरण झालंय का तेही बघा. 1992 च्या कायद्यानुसार विशेष शिक्षक म्हणून काम करायला ही नोंदणी लागते. नंबर असला म्हणजे माणूस चांगला असं नाही, पण नंबर विचारल्यावर कोणी चिडलं तर ते लक्षात ठेवा.

धरमपेठी
@ओटी_मॅडम, म्हणजे प्रेमाला काही किंमतच नाही?

ओटी_मॅडम
आहे ना. पण प्रेम करायला आई आहे, आजी आहे. शाळेत पाचव्या तासाला काय झालं हे लिहून ठेवायला कोण आहे?

काटोलचे_गुरुजी
मी काही स्पेशल बिशेल शिकलो नाही जी. जिल्हा परिषदेचा साधा मास्तर. माझ्या वर्गात असं एक पोरगं होतं. फिरते विशेष शिक्षक कंत्राटी, त्यांच्याकडे शाळा इतक्या की आमच्याकडे कधी आले तर आले. मग करता काय?

त्या पोराले दिवसाचा क्रम माहीत नसला की ते बिथरे. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली: प्रार्थना, गणित, खिचडी, खेळ, घर. एक झालं की त्यानं स्वतःच्या हातानं ते पान उलटवायचं. पोरगं शांत झालं. गंमत म्हणजे बाकीचे पोट्टेही त्याच्याच भिंतीवर पाहून खिचडी किती दूर आहे ते मोजू लागले.

आमच्या इकडे मार्चात सकाळची शाळा होते. सगळं वेळापत्रक एका दिवसात उलटंपालटं. आपल्याले वाटते काय मोठं, उन्हाळा आला. त्या पोरासाठी जग बदलते. म्हणून मी आधीच्या आठवड्यापासून चित्रांवर सूर्य खाली आणत गेलो. तर बाई, तुम्ही त्या दोघींना एवढंच विचारा: सकाळची शाळा सुरू व्हायच्या आधी तुम्ही काय करणार? “काही नाही, सवय होते हळूहळू” असं उत्तर आलं तर नमस्कार करा.

मानेवाडा_आई
गुरुजी, यंदा सकाळची शाळा झाली तेव्हा आमच्याकडे अक्षरशः महाभारत झालं होतं. मला वाटलं उन्हामुळे.

वाळ्याची_ताटी
नागपूरच्या पालकांसाठी अजून एक. कूलर! वर्गात तो मोठा लोखंडी कूलर सुरू झाला की आपल्याला गार वाटतं. माझ्या भाचीला तो आवाज म्हणजे कानाशी गिरणी. त्यात वाळ्याचा वास. शिक्षिकेने तिला शिक्षा म्हणून पहिल्या बाकावर आणून बसवलं, म्हणजे बरोबर कूलरसमोर. दुसऱ्या वर्षीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी वर्गात चार ठिकाणी बसून बघितलं, कुठे आवाज कमी येतो ते. तीच मुलगी, तोच अभ्यासक्रम.

तर्रीपोहा
कूलरसमोरची जागा ही शिक्षा?? आमच्या वर्गात त्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या.

गॅलरीतला_पंखा
धागा दोन दिवस वाचतोय. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान नोकरी लागल्यावर झालं. मिहानमध्ये आयटीत आहे.

सगळे पालक आणि थेरपिस्ट बोलताहेत म्हणून मुलाच्या बाजूने थोडं. माझ्या शाळेत एक गणिताच्या बाई होत्या. त्या शिकवत असताना मी वहीच्या मागे रेल्वेचे रूळ काढायचो. इतर शिक्षक वही ओढून घ्यायचे. या बाईंनी एकदा रूळ काढू दिले आणि मध्येच प्रश्न विचारला. मी वर न बघता उत्तर दिलं. त्यानंतर त्यांनी माझी वही कधी घेतली नाही. हात रिकामे असले की माझे कान बंद होतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तपासून बघितलं.

उलट अनुभव “माझ्याकडे बघून बोल” वाल्यांचा. डोळ्यांत बघायचं ठरवलं की माझी सगळी शक्ती बघण्यातच जाते, समोरचा काय म्हणाला ते ऐकूच येत नाही. कोणी शिक्षिका म्हणाली की मी आय कॉन्टॅक्टपासून सुरुवात करते, तर माझ्या मते तिथेच थांबा.

क्ष_किरण
इथे असहमत. आमचा मुलगा आता चौदाचा आहे. त्याला डोळ्यांत बघायला, हात जागेवर ठेवायला शिकवलं आणि त्याचा फायदा झाला. जग त्याच्यासाठी बदलणार नाही. उद्या मुलाखतीला गेला तर समोरचा काय कूलर बंद करणार आहे? वर्तनावर आधारित पद्धतीला (एबीए) पुरावा आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांचा 1987 चा अभ्यास वाचा, आठवड्याला चाळीस तास घेतलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी नेहमीच्या शाळेत गेली. शिक्षक शिस्तीचा नसेल तर सगळं व्यर्थ आहे.

ओटी_मॅडम
तो अभ्यास वाचलाय. चाळीस तासांच्या गटात 19 मुलं होती, त्यातली 9. कोणतं मूल कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. आणि त्या काळच्या पद्धतीत जोरात “नाही” म्हणून ओरडणं आणि मांडीवर चापट हेही होतं. आज तेच नाव लावून काम करणारे बरेच जण खूप बदललेत, काही अजिबात नाही. म्हणून पद्धतीचं नाव विचारून फारसं कळत नाही. “मूल नाही म्हणालं तर तुम्ही काय करता?” हे विचारा.

गॅलरीतला_पंखा
@क्ष_किरण, मुलाखतीत मी पूर्ण वेळ समोरच्याच्या भुवईकडे बघत होतो. नोकरी लागली.

चिडून नाही लिहीत आहे. तुमच्या मुलाला ते जमलं, चांगलंच आहे. त्याला ते करून थकवा येतो का, एवढं एकदा त्याला विचारा. ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी 2012 साली मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हाला आम्हीही कळत नाही. पण समजून घ्यायची शिकवणी फक्त आम्हालाच लावली जाते.

क्ष_किरण
विचारेन. पण शिस्तीचा मुद्दा मी सोडलेला नाही.

काटोलचे_गुरुजी
सोडू नका जी. शिस्त पाहिजेच, पण ती मास्तरले आधी पाहिजे. मी सांगितलेली गोष्ट मीच विसरलो, खेळाच्या जागी गणित घेतलं, तर पोरगं ओरडणारच ना बाप्पा.

हितचिंतक_नाग
राग मानू नका, पण हल्ली आया नोकरी करतात, मूल मोबाईलवर वाढतं, त्यातून हे सगळं होतं. चांगला शिक्षक आधी आईला सुधारेल.

वाळ्याची_ताटी
आलेच.

ओटी_मॅडम
@हितचिंतक_नाग, हे अमेरिकेत 1950–60 च्या दशकांत सांगून झालंय. आई थंड, म्हणून मूल असं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. त्यांनी 1964 मध्येच दाखवून दिलं की कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या मायेत नाही. तुम्ही साठ वर्षं उशिरा आलात.

मात्र यातून निवडीसाठी उपयोगी गोष्ट निघते. पहिल्या भेटीत जी शिक्षिका आईबापाच्या चुका मोजते, तिच्याशी पुढे बोलणं अवघड जातं. “घरी तो अशा वेळी काय करतो?” असं विचारते, तिला घरची माहिती हवी आहे.

संपादक
“स्टेम सेलने 100 टक्के बरा” हा प्रतिसाद फोन नंबरसकट उडवला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलेलं आहे. पुन्हा टाकल्यास खातं बंद होईल.

कोर्टाची_पायरी
सगळे गुणांवर बोलताहेत, मूळ गोष्टीवर कोणी बोललंच नाही. शॅडो टीचर “तुम्ही आणा, तुमच्या खर्चाने” हे शाळा कशाच्या आधारावर सांगते? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 16 प्रमाणे शासनमान्य शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेनुसार सोयी करायच्या आणि वैयक्तिक आधारही द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये सामान्य शाळांसाठी प्रमाण सांगितलं: प्राथमिकला अशा 10 मुलांमागे 1 विशेष शिक्षक, त्यापुढे 15 मागे 1. प्रत्यक्षात काय आहे ते गुरुजींनी सांगितलंच.

भांडायला जा असं म्हणत नाही. पण शाळेकडून लेखी घ्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम 31 मध्ये आहे.

मानेवाडा_आई
कार्ड आहे. लेखी मागितलं तर प्रवेशावर परिणाम होईल अशी भीती वाटते, खरं सांगायचं तर.

कोर्टाची_पायरी
समजू शकतो. तक्रार नको, विनंतीच्या भाषेत मागा. “शॅडो टीचरला वर्गात बसण्याची परवानगी आणि तिच्या कामाचं स्वरूप लेखी द्यावं” एवढंच. शाळेलाही ते सोयीचं वाटतं.

मागच्या_बाकावरची
मी शॅडो टीचर आहे, नागपुरातच. आमच्या बाजूचंही ऐका.

शाळा आम्हाला आपलं मानत नाही आणि पालक आम्हाला मुलासाठी ठेवलेली बाई समजतात. स्टाफरूममध्ये खुर्ची नसते. सुट्टीचे दोन महिने पैसे नाहीत. त्यामुळे चांगल्या मुली दोन वर्षांत बँकेच्या परीक्षा द्यायला लागतात. शिक्षकात काय बघावं असं विचारताय, तर ती टिकेल असं तुम्ही काय करणार हेही बघा. उन्हाळ्याचे अर्धे तरी पैसे द्या.

आता मूळ प्रश्न. मूल पहिल्या भेटीत मांडीवर बसलं याला मी फार गुण देत नाही. काही मुलं कोणाच्याही मांडीवर बसतात, ती मांडी त्यांना आवडते, माणूस नाही. माझं काम मूल मला चिकटावं हे नाहीच. वर्षअखेरीस त्याने वर्गशिक्षिकेचं ऐकावं, शेजारच्या मुलाकडून खोडरबर मागावं आणि मी मागच्या बाकावर रिकामी बसावी. शॅडो नसली की मूल शाळेतच जात नाही अशी अवस्था आली तर मी नापास. मुलाखतीत विचारा, “तुम्ही बाजूला कधी आणि कशा व्हाल?” बऱ्याच जणींनी याचा विचारच केलेला नसतो.

आणि भाषा. थेरपीत सगळं “सिट डाउन”, “गुड जॉब”, घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, खाली खेळायला हिंदी. आधीच बोलण्याची अडचण असलेल्या मुलाला आपण चार दारं दाखवतो आणि म्हणतो, निघ बाहेर. घरची भाषा बोलणारी शिक्षिका घ्या.

सक्करदरा_आजी
माझा नातू असाच आहे. तान्हा पोळ्याला सगळी लेकरं नंदी घेऊन निघाली, हा घरात कोपऱ्यात. ढोल, मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, त्याले नाही सोसत. त्याची बाई आदल्या दिवशी घरी आली, नंदीले चाकं लावली आणि याच्या हातून गच्चीवर फिरवला. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, चार घरं फिरवून आणला. बाईनं त्याले पोळा चुकू दिला नाही आणि ढोलातही ढकललं नाही. माझं मत म्हणजे असं डोकं चालणारी पाहा. गोड बोलते की कडू, ते नंतर.

तर्रीपोहा
आजी, तुमचा प्रतिसाद धाग्याला वर टांगून ठेवायला हवा. आणि हे सगळे गुण असलेली कोणी अविवाहित असेल तर माझा बायोडेटा तयार आहे.

मागच्या_बाकावरची
@तर्रीपोहा, सुट्टीचे पैसे देणार का?

तर्रीपोहा
धागा वाचतोय फक्त.

धरमपेठी
मी अजूनही दुसरीच म्हणतो. मोठं होऊन मुलाला कोण लक्षात राहतं? जिच्याकडे जावंसं वाटतं ती. ज्या मुलाला शाळेत कोणीच आवडत नाही ते शिकणार कसं? तुम्ही सगळ्यांनी मिळून प्रेमळ माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय.

गॅलरीतला_पंखा
@धरमपेठी, यात तथ्य आहे. माझ्या गणिताच्या बाई मला आवडायच्याच. फक्त त्या आवडायला दोन महिने लागले.

मानेवाडा_आई
उशिरा लिहितेय, माफ करा. सगळ्यांचे प्रश्न वहीत उतरवून दोघींना परत भेटले. शिवाय मुख्याध्यापिकांना विनंती करून दोघींना सकाळच्या शाळेत याच्या वर्गात बसू दिलं. दारातून मीही बघत होते.

धाकट्या ताईचा दिवस मुलाने मजेत घालवला. ती पूर्ण वेळ त्याच्या शेजारी, हातात हात. वर्गशिक्षिकेने त्याला नाव विचारलं, उत्तर हिने दिलं. पाणी हिने आणलं, डबा हिने उघडला. वर्गात तो होता पण बाकीची मुलं त्याला दिसलीच नसावीत. बाजूला कधी व्हाल विचारलं तर म्हणाली, “काळजी नका करू, मी त्याला कधीच सोडणार नाही.” तिच्या मनात काही वाईट नाही, हे मला माहीत आहे.

मोठ्या ताई खरोखर मागच्या बाकावर जाऊन बसल्या. कूलर सुरू झाला, हा उठला, दाराकडे गेला आणि “पुढील स्थानक सीताबर्डी”. त्यांनी अडवलं नाही. दाराशी उभं राहू दिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेला विचारून त्याचा बाक खिडकीच्या बाजूला हलवला आणि शेजारी एक शांत मुलगी आणून बसवली. नंतर परिपाठाच्या सरावात ढोल वाजला तेव्हा तो जोरात किंचाळून खाली बसला. त्यांनी त्याला हात लावला नाही. आधी जमलेली मुलं बाजूला केली, ढोल थांबवायला लावला आणि दोन हात अंतरावर नुसत्या उभ्या राहिल्या. एक शब्द नाही. उठल्यावर पाण्याची बाटली पुढे केली.

संध्याकाळी मला म्हणाल्या, “तो स्टेशनचं नाव घेतो तेव्हा बहुतेक त्याला इथून निघायचं असतं. त्याला ‘बाहेर’ असं चित्र देऊन बघू.” इतक्या महिन्यांत हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. नवऱ्याने पहिल्यांदाच त्यांना चहाचं विचारलं. नाहीच घेतला.

मोठ्या ताईंना सांगितलंय या म्हणून, आणि मे-जूनचे निम्मे पैसे देणार. एक अडचण आहे. त्या तोडून बोलतात आणि वर्गशिक्षिका पहिल्याच दिवशी थोड्या दुखावल्या. मी तसं म्हटलं तर “बरं, बघते” एवढंच म्हणाल्या.

धाकट्या ताईला संध्याकाळी खेळायला यायचं विचारलंय, ती तयार आहे. @धरमपेठी, हे तुमच्यामुळे.

धरमपेठी
चला, आमचीही एक विकेट.

ओटी_मॅडम
वर्गशिक्षिकेचं दुखणं हलक्यात घेऊ नका. वर्षभर वर्ग त्यांचा आहे. पहिल्या आठवड्यातच तिघी मिळून बसा आणि मुलाची दोन-तीन उद्दिष्टं एका पानावर लिहा. त्यातलं एक वर्गशिक्षिकेलाच ठरवू द्या.

क्ष_किरण
मुलाला विचारलं, डोळ्यांत बघून थकतोस का. म्हणाला, “हो, पण बाबांना आवडतं.” शिस्तीच्या मुद्द्यावर नंतर बोलू.

काटोलचे_गुरुजी
“बाहेर”चं चित्र दोन ठिकाणी लावा बाई, एक बाकावर अन् एक दाराशी. अन् तो चित्र दाखवून बाहेर गेला की परत कधी यायचं त्याचंही चित्र पाहिजे, नाहीतर थेट मेट्रोतच बसेल.

सक्करदरा_आजी
हे सगळं ठीक आहे, पण ती बाई फीस किती घेते? माझ्या नातवाची बाई बँकेत लागून राहिली.

मानेवाडा_आई
आजी, व्यनि (खासगी निरोप) केलाय.